घर मोजताना काय मोजायचं?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही साचाखात्यातले कामगार. शाळा अर्ध्यावर सुटली, वाचन सुटलं नाही. गिरणीत किती वार कापड निघालं ते रोज वहीत चढायचं; छातीत कापूस किती गेला ते कोणी मोजलं नाही. म्हणून कोणी आकडा सांगितला की आम्ही विचारतो, मोजलं काय आणि सोडलं काय?

बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर ठरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे संडासाच्या रांगेतल्या गरोदर बाईला आधी विचारावं.

पण चौरस फुटांत सगळं जगणं मावत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रहिवाशांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वाहनांच्या रस्त्यावर माणशी ३ निघाले, भरपूर वाहनांच्या रस्त्यावर ०.९. त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं. म्हणजे शेजारसुद्धा मोजता येतो!

आपला रस्ता म्हणजे चाळीतला मधला पॅसेज. टॉवरमध्ये त्याची जागा लिफ्ट घेते. म्हणून आमची विनंती, घर सोडण्याआधी आणि नव्या घरात वर्ष झाल्यावर प्रत्येक घराने हीच उत्तरं लिहावीत. संडासाला, पाण्याला किती वेळ जातो? म्हातारी माणसं आठवड्यात किती वेळा खाली उतरतात? लेकरं नजरेसमोर खेळतात का? रात्री छातीत दुखलं तर पहिलं दार कोणाचं वाजवाल? देखभालीला महिना किती जातो? आणि बायांना वेगळं विचारा. त्यांच्या वतीने आपण पुरुषच बोलून टाकतो.

पुढच्या इमारतींसाठी हा हिशोब कामाचा आहे. बसायला मोकळी जागा हवी, लिफ्ट जास्त हव्यात, हे तोंडी सांगितलं तर तक्रार ठरते. वहीत मांडून नेलं तर साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

वही विहारात ठेवली आहे. पहिलं पान आम्ही भरलं. दुसरं तुम्ही भरा.

जयभीम! नमो बुद्धाय!