विमानातील जागा : कोणती आणि कोणासाठी?

प्रवासाला निघालेल्या मनुष्याची पहिली चिंता पोहोचण्याची नसते, बसण्याची असते. वऱ्हाडातील श्रोत्यांना हे समजावून सांगावयास नको. अकोल्याच्या स्थानकात एस. टी. उभी राहते न राहते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आणि प्रसंगी एखादे लहान मूलही आत सोडले जाते, आणि जागेवरील मालकी सिद्ध होते. रेल्वेने हा हक्क तिकिटावर छापून दिला, त्यामुळे रुमालाचे काम कमी झाले. विमानात तर रुमाल टाकण्याची सोयच नाही. तरीही जागेचा प्रश्न तेथे सुटला आहे असे नाही. तो केवळ घरबसल्या, प्रवासाच्या कितीतरी दिवस आधी सोडवावा लागतो, इतकेच.

मोर्णेच्या काठच्या जुन्या शहरातील ज्या घरांतील मुलगा वा मुलगी आज परदेशी नोकरीस आहे, त्या घरांतील वडील मंडळींना उतारवयात हा प्रश्न प्रथमच भेटतो. शिवणीच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. तरीही पुष्कळांची पहिली मजल अजून आगगाडीचीच असते : अकोल्याहून मुंबई, सुमारे ५८० किलोमीटर. गाडीत निदान पाय लांब करून निजता येते, आणि वृद्धांस खालचा बर्थ देण्याची तरतूदही रेल्वेने ठेवली आहे. खरी परीक्षा त्यानंतरची. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ते एकाच उड्डाणात कापले तर पंधरा-सोळा तास एका खुर्चीत काढावे लागतात. त्या खुर्चीची रुंदी सतरा-अठरा इंच, आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचे अंतर बहुधा एकतीस-बत्तीस इंच. एवढ्या जागेत एक दिवस आणि एक रात्र घालवावयाची असेल, तर ती जागा कोठे आहे याचा विचार करणे ही चैन नव्हे.

हे दिवस किती झपाट्याने आले! ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. पुढे १९५२ साली अटलांटिक महासागरावरील विमानांत स्वस्त दराचा ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला आणि १९५८ साली ‘इकॉनॉमी’ हे नाव रूढ झाले. २२ जानेवारी १९७० रोजी बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान प्रथम प्रवासी घेऊन उडाले. विमानप्रवास सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आला तो अशा रीतीने. परंतु भाडे उतरले ते एका विमानात अधिक माणसे बसवूनच, हेही विसरता कामा नये.

आता या खुर्च्यांची मांडणी पाहू. लांब पल्ल्याच्या विमानांत चालण्यासाठी दोन वाटा असतात, आणि त्यांमुळे प्रत्येक ओळीचे तीन भाग पडतात. बोइंग ७८७ व एअरबस ए३५० या विमानांत बहुधा तीन, तीन आणि तीन अशी मांडणी असते. बोइंग ७७७ मध्ये पुष्कळ कंपन्या तीन, चार आणि तीन अशी दहा माणसे बसवितात. एअरबस ए३३० मध्ये दोन, चार आणि दोन अशी रचना आढळते. आसनाच्या आकड्याने ओळ कळते, अक्षराने ओळीतील स्थान. ‘ए’ आणि ‘के’ ही अक्षरे बहुधा खिडकीकडची. ‘आय’ हे अक्षर बहुतेक ठिकाणी गाळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखे दिसते. मात्र मांडणी विमानागणिक बदलते. यास्तव अक्षरावर विसंबून न राहता, तिकीट काढताना दाखविला जाणारा आसनांचा नकाशा पाहावा, हे उत्तम.

या मांडणीत एक साधे गणित दडलेले आहे. कडेच्या तीन खुर्च्यांपैकी खिडकीत बसलेल्या मनुष्यास बाहेर यावयाचे तर दोघांना उठवावे लागते. वाटेवर बसलेल्याला कोणासही उठवावे लागत नाही, परंतु आतील दोघांसाठी त्याला स्वतःला उठावे लागते. मधल्या भागाचे तसे नाही. तेथे दोन्ही टोकांना वाट असल्याने चार खुर्च्यांत प्रत्येक टोकाच्या मनुष्याला बहुधा एकाच शेजाऱ्यासाठी उठावे लागते. ज्याला वारंवार उठावयाचे आहे आणि उठविले जाणे मात्र नको आहे, त्याने मधल्या भागातील टोकाची खुर्ची घ्यावी. पति-पत्नी दोघेच असतील आणि विमान दोन-चार-दोन अशा मांडणीचे असेल, तर कडेची जोडखुर्ची त्यांच्यासाठीच केल्यासारखी असते. काही बोइंग ७७७ विमानांत शेपटाकडे देह निमुळता होतो, तेथेही अशा दोन-दोनच्या जोड्या सापडतात.

पुढे बसावे की मागे, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर जुन्या शहराला श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी आपोआप मिळते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणारी कावड पाहा. दोन टोकांच्या घागरी हिंदकळतात, परंतु खांद्यावरचा भाग त्या मानाने स्थिर असतो. विमानाचा भार त्याचे पंख उचलतात. तोच त्याचा खांदा. म्हणून हवेच्या खळबळीत पंखांजवळच्या ओळींना हेलकावा कमी बसतो आणि शेपटाकडे तो अधिक जाणवतो. ज्यांना प्रवासात मळमळते, त्यांनी पंखांवरील ओळी पाहाव्यात. ज्यांना आवाजाचा त्रास होतो, त्यांनी इंजिनांच्या पुढच्या ओळी पाहाव्यात. आणि ज्यांना आकाश पाहावयाचे आहे, त्यांनी पंख टाळावेत. नाहीतर पंधरा तास एका राखी पत्र्याचे दर्शन घडते. काही खुर्च्या तर नावाच्याच खिडकीच्या असतात. शेजारी नुसती भिंत निघते.

नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या काही जागा फसव्या असतात. आणीबाणीच्या दाराशेजारच्या ओळीत पाय पसरावयास भरपूर जागा असते. परंतु संकटसमयी दार उघडण्यास व इतरांस मदत करण्यास समर्थ असणाऱ्यांनाच तेथे बसू देतात. वृद्ध, गर्भवती स्त्रिया, मुले आणि चालण्यास अडचण असणारे यांना तेथून उठविले जाते. आडभिंतीसमोरच्या पहिल्या ओळीत पुढचा मनुष्य अंगावर रेलत नाही, हे खरे. परंतु तेथेच तान्ह्या मुलांचे पाळणे लावतात, ताट ठेवण्याची फळी खुर्चीच्या हातात दडविलेली असते, आणि औषधांची पिशवीसुद्धा उड्डाणाच्या वेळी वरच्या कप्प्यात टाकावी लागते. शौचकूपाजवळच्या ओळीत सोय आहे असे वाटते. पण तेथे दिवसरात्र रांग, दाराचा आवाज आणि दिव्याचा उजेड यांनी झोप लागत नाही. शेवटच्या ओळीत पुष्कळदा खुर्चीची पाठच पुरती कलत नाही. शौचकूपापासून चार-पाच ओळी दूर असलेली वाटेवरची खुर्ची ही या दोहोंमधील शहाणपणाची जागा होय.

सुरक्षितपणाविषयी मात्र आसनाच्या आकड्यावर श्रद्धा ठेवू नये. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच मनुष्य वाचला, आणि त्याचे आसन ११ए होते. त्यानंतर ‘११ए’ मागणारे लोक निघाले. परंतु त्या विमानात जी खुर्ची दाराशेजारी होती, तोच आकडा दुसऱ्या विमानात दारापासून कितीतरी दूर असतो. आणि एक दुर्घटना दुसरीसारखी नसते. आकड्यापेक्षा दोन सवयी अधिक उपयोगी. बसताच जवळचे दार किती ओळींवर आहे ते मोजून ठेवावे, म्हणजे अंधारात हाताने चाचपत तेथे जाता येते. आणि बसलेले असेपर्यंत पट्टा सैलसा का होईना, बांधलेला असावा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान अकस्मात हवेच्या खळबळीत सापडले. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला व अनेक जखमी झाले.

हे सर्व झाले जागेविषयी. परंतु ‘कोणती जागा?’ या प्रश्नाआधी ‘कोणासाठी?’ हा प्रश्न आहे, आणि आपल्या घरांतून तोच बहुधा विचारला जात नाही. नातवाच्या जन्मानिमित्त आई-वडील निघतात. तीन खुर्च्यांपैकी खिडकी वडिलांना मिळते, कारण त्यांना बाहेर पाहण्याची हौस. वाटेवर कोणी परका गृहस्थ येतो. आणि मधली खुर्ची आईच्या वाट्यास येते. तिला विचारले तर ती म्हणते, “मले काय, कुठीही चालते.” सबंध आयुष्य तिने हेच उत्तर दिलेले असते. मग परक्या पुरुषाला झोपेतून उठविण्याचा संकोच वाटून ती एक युक्ती योजते : ती पाणीच पीत नाही.

ही युक्ती घातक आहे. उंचावरील विमानात हवेतील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी असते. अकोल्याचा मे महिनाही असाच कोरडा. पण तेथे उन्हाने जीव पाणी मागतो, आणि विमानाच्या गारव्यात ती आठवण राहत नाही. त्यातच न हलता बसणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतका अल्प आहे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु वय, स्थूलता आणि पूर्वीची दुखणी यांनी तो वाढतो. उपाय सोपे आहेत : पाणी पिणे, पोटऱ्या हलविणे, अधूनमधून उठून चालणे. यांतील उठून चालणे ज्या खुर्चीतून कोणाची परवानगी न मागता साधते, ती वाटेवरची खुर्ची. मधुमेह असलेल्या वा गुडघे दुखणाऱ्या मातेला ती देणे हा शिष्टाचार नव्हे, औषधोपचाराचाच भाग आहे. वडिलांनी मधे बसावे. पंधरा तासांनी त्यांचे काही बिघडत नाही. अथवा दोघांनी एकाच वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या घ्याव्यात. बोलताही येते आणि उठताही येते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ कंपन्या चांगल्या जागांसाठी वेगळे पैसे घेतात. ते द्यावयाचे नसतील तर वेब चेक-इन सुरू होताच, म्हणजे बहुधा उड्डाणाआधी एक-दोन दिवस, जागा निवडावी. उशीर करणाऱ्याच्या वाट्यास मधल्या खुर्च्या उरतात. लहान मुलांसाठी २०२४ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने निर्देश दिला, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलास निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. वृद्धांसाठी असा निर्देश मुलांनीच आपल्या मनाशी करावयाचा आहे.

कारण बहुधा ही निवड आई-वडील करीतच नाहीत. परदेशी बसलेला मुलगा तिकीट काढतो, आणि बोटाच्या एका स्पर्शाने दोन चौकोन रंगवितो. त्या स्पर्शाआधी त्याने जुन्या शहरातील घरी एक फोन करावा आणि आईला विचारावे. ती ‘कुठीही चालते’ असेच म्हणेल. ते उत्तर ऐकून घ्यावे, आणि तिच्यासाठी वाटेवरची खुर्ची राखून ठेवावी.