हातांतील रक्ताच्या वाटा

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस बोटें टेकवून नाडी पाहण्याचा परिपाठ फार जुना आहे. परंतु प्रत्येकाची नाडी तेथें सांपडेलच, असें नाहीं. क्वचित् ती धमनी मनगटाच्या पाठीकडे वळलेली असते. आणि मग धडधाकट माणसाची नाडी लागत नाहीं म्हणून घरांत रडारड व्हावयाची!

शारीरशास्त्राच्या पुस्तकांतील मार्ग सरळ आहे. दंडांतून एकच धमनी खालीं येते व कोपरापाशीं तिचे दोन फांटे होतात. एक अंगठ्याच्या, दुसरा करंगळीच्या बाजूनें तळहाताकडे जातो. प्रत्यक्षांत शंभरांतील सुमारें १४ हातांत अंगठ्याकडील फांटा वर दंडांत, किंवा काखेंतच, फुटलेला असतो. करंगळीकडील फांट्याची अशी तऱ्हा शंभरांत चारेक हातांत आढळते.

ही दुसरी तऱ्हा विरळ खरी, पण अधिक घातक. असा फांटा स्नायूंच्या खालून न जातां कोपराच्या खळगींत कातडीलगत धांवतो, आणि सुई टोचण्याची शीरही तेथेंच! १९३४ सालीं भुलीसाठीं वापरांत आलेलें थायोपेंटोन चुकून धमनींत गेल्यास तिच्यांत स्फटिक जमतात, रक्त गोठतें, आणि बोटें काळीं पडूं लागतात. यास्तव दंडास पट्टा बांधण्यापूर्वीं ती जागा बोटानें चांचपावी. ठोके लागल्यास तेथें सुई घालूं नये. सुईंत लालभडक रक्त उसळलें, अथवा रोग्यानें बोटांपर्यंत आग होत असल्याचें सांगितलें, तर औषध तत्काळ थांबवावें. सुई मात्र घाईनें उपसूं नये. तिच्याच वाटेनें उपचार करतां येतात.

१९८९ सालीं कॅनडांतील डॉ. लुसियाँ कँपो यांनीं मनगटाच्या धमनींतून नळी घालून हृदयाच्या धमन्यांचीं चित्रें घेतल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून या भेदांस नवें महत्त्व आलें आहे. वर फुटलेला फांटा पुष्कळदां बारीक वा वेटोळ्याचा असतो. नळी अडते, धमनी आकसते, रोगी कळवळतो. अशा वेळीं जोर करणें हा अविचार होय. थोडें रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनीं वाट पाहावी, नाहीं तर दुसरी धमनी निवडावी.

एका हातांतील तऱ्हा दुसऱ्यांत असतेच असें नाहीं. म्हणून असा भेद आढळल्यास कोणत्या हातांत व कोठें, हें डॉक्टरनें रोग्याच्या कागदावर लिहून द्यावें, आणि रोग्यानें तो कागद पुढच्या सुईपूर्वीं दाखवावा.