बुद्धांची करुणा, ख्रिस्ताची प्रीती



बुद्ध व ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपणांस आकर्षून घेतले, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजासमोर सांगितले होते. मळाने माखलेल्या आजारी भिक्षूस बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले. ख्रिस्ताच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याने परक्या समाजातील घायाळ वाटसरूची शुश्रूषा केली. ख्रिस्ती सेवेचे मूळ ईश्वरप्रीतीत, तर बौद्ध करुणेचे मूळ दुःखाच्या जाणिवेत आहे. तथापि दान आदराने द्यावे, असे बुद्ध सांगतात. ते गुप्तपणे करावे, असे ख्रिस्त सांगतो. म्हणून गरजू मुलास वह्या वा गणवेश देताना तो वर्गासमोर उभा करू नये. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर ते दान कसले?