धान्याचाही हिशेब ठेवू



गटाचा रुपयान् रुपया आपण वहीत लिहितो. मग रेशनचा हिशेब का नाही? रामटेककडच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "देतात तेवढं आणतो, विचारायचं कोणाला?"

मोबाईलला विचारा! 'मेरा राशन' ॲप २०२१ पासून आहे. आधार नंबर आणि ओटीपी टाकला, की कार्डावरची नावं अन् आपल्या हक्काचं धान्य दिसतं. प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो, तेही फुकट. पावतीशी ताडून पाहा. कमी भरलं तर १९६७ या हेल्पलाईनला फोन करा.

ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, आणि कितीतरी जणींचा तो नंबर नवऱ्याचा असतो. म्हणून आधी स्वतःचा नंबर जोडून घ्या. घास आपल्या लेकरांचा आहे, ताई!