दुसऱ्याची घोडी, आपलं ठाण

शेळी, कोंबडी, म्हैस यांबद्दल आपण इथे बरंच बोललो. आज घोड्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आम्हीपण पहिल्यांदा हसलोच होतो.

झालं असं, की आमच्या गटांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागला, "महिला गटांनो, घोडे पाळा, सरकार पन्नास लाख देतंय." मी गटांची समन्वयक, त्यामुळे दिवसाला चार फोन मलाच. मेसेज अर्धा खरा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केला. घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या उद्योगाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान, असं ठरलं, आणि पात्र यादीत बचत गटाचंही नाव आहे. पण मेसेजमधे हे लिहिलेलं नव्हतं, की पन्नास लाख मिळायला प्रकल्प एक कोटीचा लागतो. उरलेला निम्मा पैसा आपला, नाहीतर बँकेचा. आणि बँकेचा म्हणजे शेवटी आपलाच.

तेवढ्यात अर्ज भरून देणारे एक गृहस्थही गावात आले. प्रत्येक गटामागे दहा हजार मागत होते. आमच्या एका गटाची बैठक त्यावर रात्री अकरापर्यंत चालली. निम्म्या बाया तयार होत्या. त्या गटात एक आजी आहेत, धनगराच्या. लग्न झाल्यावर वीसेक वर्षं मेंढरांमागे फिरल्या. रोज नवा तळ, आणि सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, उतरवायचं, त्याला चारायचं, हे काम बायांचंच. बाकी आम्ही घोडा पाहिला तो नवरदेवाखाली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच विचारलं, "माय, घोडा वर्षातले किती दिवस कमावतो? अन् खातो किती दिवस?"

कुणालाच उत्तर देता येईना. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी जालन्याला गेलो, वरातीला घोडी देणाऱ्यांना भेटायला. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा हंगाम सुरू, आषाढी एकादशी आली की बंद. हंगामातसुद्धा तिथी असेल तेव्हाच काम. चातुर्मासाचे चार महिने घोडी नुसती उभी. शहरात जागा तोकडी, पावसाळ्यात चारा महाग, पायाखाली चिखल. एकजण म्हणाले, "ताई, हे चार महिने कुणी सांभाळून दिली तर मी पैसे देईन." आम्ही घोडा विकत घ्यावा की नाही हे विचारायला गेलो होतो आणि दुसराच धंदा हाती लागला. घोडा त्यांचा, ठाण आपलं, सांभाळायचे पैसे आपले.

शिवाजी महाराजांच्या फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर, हे शाळेत शिकलेलं. मी गटात म्हटलं, आधी बारगीर होऊन पाहू, शिलेदारीचं मग बघू.

आषाढात एक घोडी आली. चार वर्षांची, पांढरी, सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली. तापीकाठी दत्तजयंतीला भरतो तो हा बाजार, नंदुरबार जिल्ह्यात. मालकाने आणून बांधली, सात हजार पाचशे रुपये महिना ठरला, तोंडी. हे तोंडी ठरवणं आम्हाला पुढे फार जड जाणार होतं.

आता खाण्याचं सांगते, कारण घोडा जगतो आणि मरतो तो पोटामुळे. बैल भराभर खातो आणि बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर अगदी लहान, आणि त्याला ओकता येत नाही. एकदा पोटात गेलं ते पुढेच जायला पाहिजे. म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीनचार वेळा द्यायचं, आणि खाण्यात बदल करायचा तर आठदहा दिवस घेऊन. आमची घोडी तीनशे किलोच्या आसपास. तिला रोज सहा किलोच्या पुढे वाळलेलं गवत आणि कडब्याची कुट्टी, दोन किलो चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा. शिवाय मिठाचा खडा. पाणी तीस लिटरच्या आसपास, आणि ते चंदीच्या आधी. पावसात भिजून काळा पडलेला कडबा बैल एखादवेळी पचवेल, घोड्याला बुरशी चालतच नाही. आणि गाईम्हशींचं तयार पशुखाद्य घोड्यापुढे ठेवायचं नाही. त्यात युरिया असू शकतो, काही खाद्यांत असं औषध मिसळलेलं असतं की ते गाईला चालतं आणि घोड्याचा जीव घेतं.

हे सगळं आम्हाला माहीत होतं, आजींनी सांगितलेलं, पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घेतलेलं. तरी पोळ्याला चूक झालीच. पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी, मग दारातल्या पांढऱ्या घोडीने काय पाप केलं? एका घरून दोन पोळ्या आल्या, दुसऱ्या घरून चार, लेकरांनी वाटीभर पुरण. प्रत्येकीला वाटलं आपण थोडंच देतोय. रात्री नऊला घोडी वळून वळून आपल्याच कुशीकडे बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मग आडवी पडून लोळायला लागली. अंगाला घाम. लीद बंद. पोटशूळ.

आजींनी पुढचा सगळा चारा उचलायला लावला आणि तिला हळूहळू चालवत ठेवलं. कुणीतरी तेल पाजायला बाटली आणली, ती आजींनी हातातून काढून घेतली. जबरदस्तीने पाजलेलं फुफ्फुसात जातं आणि जनावर त्यानेच मरतं. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा फुकट नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. रात्र होती म्हणून आम्ही मात्र ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर साडेअकराला आले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं. पहाटे चारला घोडीने लीद टाकली. लीद बघून दहा बाया रडल्या, असं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढचे तीन दिवस डॉक्टर खुरांना हात लावून बघायला सांगत होते. गोडधोड जास्त झालं की घोड्याची खुरं आतून सुजतात, गरम लागतात, आणि जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं. आमची वाचली.

त्या रात्री चालताना माझ्या डोक्यात एकच होतं. घोडी मेली तर? आमच्या गटाची चार वर्षांची बचत एका रात्रीत गेली असती. मालकाशी काही लिहिलेलं नव्हतं, विमा नव्हता. कुणाच्या चुकीला कोण जबाबदार, काही ठरलेलं नव्हतं. मी बी.ए. झालेली बाई, दर महिन्याला गटांना म्हणते व्यवहार लिहून ठेवा, आणि स्वतः तोंडी शब्दावर लाखाचं जनावर दारात बांधून घेतलं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. मालकासोबत स्टॅम्पपेपरवर करार. त्यात घोडीचं वर्णन, खुणा, फोटो, आधीचे आजार, रोजचा खुराक, डॉक्टरचा खर्च कुणी करायचा, मालक फोन उचलत नसेल तर उपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा, पैसे थकले तर काय. विमा मालकाने काढलेला पाहिजे. अभियानाच्या पशुधन विम्यात पशुपालकाने भरायचा हिस्सा आता १५ टक्क्यांवर आणला आहे, बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. आणि तिसरं म्हणजे ग्लँडर्सची तपासणी. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत जातो. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, ते हे काम बघतं. रोग निघाला तर जनावराला मारावं लागतं, दुसरा इलाज नाही. म्हणून दाखल्याशिवाय घोडं आत घ्यायचं नाही, आणि दाखला असला तरी पहिले काही दिवस बाकीच्यांपासून लांब बांधायचं, पाण्याची बादली वेगळी. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर फोड दिसले तर हात लावायचा नाही, डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन घोडीला, आणि लीद काढणाऱ्या बाईलाही. अनवाणी लीद काढायची नाही. हे मी घसा सुकेपर्यंत सांगते, आणि सकाळी जाऊन बघते तर चपला दारातच.

शिकवणीचं काम आमच्या डोक्यात नव्हतं, ते आजींनी काढलं. या घोडीचा दोष असा, की बँड वाजला की मागच्या पायांवर उभी राहायची. मालकाने त्यासाठी काटेरी लगाम आणला होता. जीभ दोन्ही बाजूंनी सोललेली. आजींनी तो लगाम खुंटीला टांगला. नंतर मला कळलं की ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ सालचे नियम आहेत, त्यांत काटे असलेला लगाम वापरायला बंदी आहे. ३७ अंशांच्या वर ऊन असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचं नाही, हेही त्यातच आहे. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या वराती आठवून बघा.

आजींची पद्धत साधी. रोज सकाळी खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, तोंडाने बोलत बोलत. मग लांब दोरीवर गोल फिरवायचं, त्याला कावा म्हणतात. आधी चाल, मग दुडकी, दोन्ही अंगांनी सारखी. आवाजावर थांबायला शिकली की मग पाठीवर खोगीर, मग ओझं, मग माणूस. बँडसाठी आधी लांबून स्टीलचं ताट वाजवायचं, चंदी खात असताना. रोज दोन पावलं जवळ. घाबरली की तिथेच थांबायचं, मारायचं नाही, पण पळूही द्यायचं नाही. नवरात्रात देवीच्या मंडपाचा स्पीकर आयताच मिळाला. पहिल्या माळेला वेशीजवळ उभी केली, नवव्या माळेला मंडपाच्या बाजूच्या गल्लीत. कान हलवत होती, पाय नाही. बघे पुरुष म्हणत होते, बाईमाणसाच्या हाती लगाम कशाला. आजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुळशीच्या लग्नाआधी मालक न्यायला आले. सोबत मुद्दाम हलगीवाला घेऊन आले होते, परीक्षा बघायला. हलगी घोडीच्या कानाशी वाजली. ती जागच्या जागी उभी. शिकवणीचे चार हजार त्यांनी कटकट न करता दिले. काटेरी लगाम मागितला नाही, आम्ही दिला नाही.

आता हिशेब, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. चारा आणि चंदी मिळून दिवसाला १४० रुपये, महिन्याला ४,२००. दीड-दोन महिन्यांनी नालबंद, शिवाय जंताचं औषध, मीठ, ठाणावरचा दिवा, सरासरी ८०० महिना. म्हणजे ५,००० खर्च, २,५०० शिल्लक. चार महिन्यांचे १०,०००. त्यातून पोळ्याच्या रात्रीचे ३,२०० गेले. शिकवणीचे ४,००० मिळवले तर १०,८०० उरले, दोन बायांच्या चार महिन्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या कामाचे. लीद आजींच्या शेतात गेली, तिची किंमत धरलेली नाही. हा मोठा पैसा नाही, मी उगाच फुगवून सांगणार नाही. एका घोडीवर हा धंदा चालत नाही. तीन घोड्या असल्या तर कामाचा वेळ थोडाच वाढतो आणि शिल्लक तिप्पट होते, असा आमचा अंदाज आहे.

पन्नास लाखांचा अर्ज आम्ही भरलेला नाही. दहा हजारवाले गृहस्थ पुन्हा आले, त्यांना चहा पाजून पाठवलं. अर्ज ऑनलाइन आहे, माहिती तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे मिळते, मधल्या माणसाची गरज नाही. योजना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण पैदास म्हणजे घोडी अकरा महिने गाभण, मग शिंगरू, मग ते विकण्याजोगं व्हायला आणखी दोनतीन वर्षं. तोवर बँकेचा हप्ता कुठून? गटातल्या तरुण बाया यावरून माझ्यावर थोड्या नाराज आहेत. त्यांना वाटतं मी भित्री आहे. असेनही. पोळ्याच्या रात्री मी जिथे उभी होते, तिथे त्याही होत्या, एवढंच त्यांना म्हणते.

मार्गशीर्षात आजींना घेऊन आम्ही चौघी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो, नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. घोड्यांचा बाजार बघायचा होता. आजींनी एका व्यापाऱ्याच्या घोडीचा ओठ वर करून दात बघितले आणि म्हणाल्या, "सहाची सांगतोस, ही दहाच्या खाली नाही." व्यापारी आधी चिडला, मग हसला, मग त्यानेच आम्हाला चहा सांगितला. आम्ही काही घेतलं नाही. पण त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.

या आषाढात तीन घोड्या येणार आहेत, करार झालेत. पाऊस लागायच्या आत ठाणात दोन ट्रॉली मुरूम टाकून उतार काढायचा आहे. पोळ्याला ठाणापुढे कुणाला बसवायचं, तेही ठरलंय. ज्यांच्या घरून चार पोळ्या आल्या होत्या, त्याच.