रबराचं हेलिकॉप्टर आणि एक वही



‘अमेरिकेतल्या शाळा’ या विषयावर बोल, असा निरोप होता. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. माझी मुलगी तिथे शिकते. तिच्यामुळे जवळून पाहिलेल्या एका स्पर्धेबद्दल सांगते, कारण ती आपल्या शाळेलाही मालवणात करता येईल.

१९८४ पासून तिथे ‘सायन्स ऑलिम्पियाड’ भरतं. एका संघात १५ मुलं असतात. २०२५ साली नववी ते बारावीच्या गटात हेलिकॉप्टर उडवण्याचा एक प्रकार होता. मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारलंच, “बॅटरी नाय, मगे ता उडता कसा?”

उडतं रबरावर. फ्रान्सच्या पेनोने १८७० साली पिळलेल्या रबरावर उडणारं खेळणं केलं होतं. तसलंच एक खेळणं राईट बंधूंच्या वडिलांनी १८७८ साली मुलांसाठी आणलं. स्पर्धेतलं यंत्र त्याच जातीचं. बाल्साच्या हलक्या लाकडाची दांडी, वर एक पंखा, खाली एक. रबर उलगडलं की दोन्ही पंखे उलट दिशांनी फिरतात.

नियम थोडके आहेत. यंत्राचं वजन ठरलेल्यापेक्षा कमी नको, रबराचं जास्त नको. पंख्याच्या व्यासालाही मर्यादा. उड्डाणं दोन, त्यातलं चांगलं धरतात. जास्त वेळ हवेत राहील ते जिंकलं. जमिनीला टेकलं किंवा छताच्या तुळईत अडकलं, की घड्याळ बंद.

खरी गंमत इथे आहे. रबर पूर्ण पिळून सोडलं, तर सुरुवातीचा जोर इतका की यंत्र थेट छताला भिडतं. म्हणून मुलं आधी भरपूर पीळ देतात आणि मग थोडे वेढे सोडतात. सुरुवातीचा झटका जातो, बाकीची ताकद बहुतेक तशीच राहते. तेवढ्याच वजनाचं रबर बारीक आणि लांब घेतलं, तर वेढे जास्त बसतात, पण जोर कमी. फारच कमी झाला तर यंत्र उचलतच नाही. यातला मध्य प्रत्येक सभागृहाच्या उंचीनुसार वेगळा.

तो मध्य वहीत सापडतो. रबराचं वजन, वेढे, वेळ, हे प्रत्येक सरावानंतर लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ही वही परीक्षकांना दाखवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगते, आमच्या कामातही चूक शोधायची रीत हीच.

मला सर्वांत आवडलेला नियम वेगळाच आहे. बाजारचं किट चालतं, पण त्यात आधीच चिकटवलेला एकही सांधा चालत नाही. सगळे सांधे मुलांनीच जोडायचे. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनातले कितीतरी प्रकल्प बाबा नाहीतर दुकानदार करतो, आणि मुलाला विचारलं तर त्याला सांगता येत नाही. मार्क मिळतात, शिकणं राहून जातं.

आपल्याकडे बाल्सा नसला तरी बांबूच्या काड्या आहेत, आकाशकंदिलाचा पातळ कागद आहे. वजनाला सोनाराचा काटा चालेल. बाहेर खारा वारा असतो, तेव्हा उडवायचं सभागृहातच, खिडक्या लावून, पंखे बंद करून.

विज्ञानाच्या शिक्षकांनी होकार दिला, तर पहिल्या वर्षाचं रबर आणि वह्या आपल्या बॅचने द्याव्यात, असं मी सुचवते. अट एवढीच, की आईबाबांनी मागच्या बाकावर बसायचं आणि हात लावायचा नाही.