सहाशे एक्केचाळीस



मला आज फक्त एका संख्येविषयी बोलायचं आहे : ४,२९,४९,६७,२९७.

आठवली? नववीत दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५५३७ लिहिलं होतं. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. पाचही मूळ संख्या. पुढची बत्तिसाव्या घाताची. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं, हीही मूळच असणार; अशा सगळ्याच मूळ असणार. सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, ते सुट्टीनंतर सांगा."

मी पहिल्या नंबरचा. ७, ११, १३ ने भागून पाहिलं, जमलं नाही, वहीत 'मूळ संख्या' लिहून मोकळा झालो.

शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र मात्र वडिलांच्या पिठाच्या गिरणीत बसून भागाकार करत राहिला. मूळ संख्यांची यादीही त्यानेच चाळून काढली. ६४१ पर्यंत ११६ मूळ संख्या येतात. २, ३, ५ च्या कसोट्या त्याला येत होत्या. उरलेले ११३ भागाकार त्याने पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर केले. शेवटच्या भागाकारात बाकी शून्य! ६४१ गुणिले ६७,००,४१७.

मग सरांनी ऑयलरची गोष्ट सांगितली. त्याने १७३२ मध्ये हाच विभाजक दाखवला होता. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हेही त्याने पुढे सिद्ध केलं. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. म्हणजे पाचव्या भागाकारातच उत्तर.

मी मोठ्यानं म्हणालो, "मग एवढी गाढवमेहनत कशाला?" वर्ग हसला. तो मान खाली घालून बसला.

सर माझ्याकडे वळले. "ऑयलरनं वाट शोधली. हा वाट तुडवत गेला. तू काय केलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे चौतीस वर्षं मी बँकेत हिशेबतपासणी केली. पाच नोंदी बरोबर निघाल्या की सहावीवर न बघता सही करावीशी वाटायची. अशा वेळी ६४१ आठवायचा आणि मी पान पुन्हा उलटायचो. दोनदा तरी त्यामुळे मोठी चूक हाती लागली. फर्माच्या त्या पाच संख्यांनंतर त्या प्रकारची सहावी मूळ संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. गड्या, त्या दिवशी मी हसलो, त्याची माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. नोकरी मी केली, पण तपासायला मला तू शिकवलंस.